बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमधला दिवा बदलताना : काय करावे, काय टाळावे

दोन्ही याद्यांचा क्रम एकच आहे. काम सुरू करण्याआधी दोन्ही पूर्ण वाचा.

काय करावे

१. शिडी आणण्याआधी

- काम दिवसाउजेडी करा. मेन बंद केल्यावर बाथरूममध्ये मिट्ट काळोख होतो.
- त्याच बोर्डावरचा एक्झॉस्ट फॅन लावून बघा. तोही चालत नसेल तर दोष दिव्यात नाही, लाइनमध्ये आहे.
- दिव्याच्या काचेत पाण्याचे थेंब किंवा सीलिंगवर तपकिरी डाग आहे का ते बघा. असेल तर आधी गळती काढा, दिवा मग.
- आतला बल्ब वेगळा निघतो की अख्खे एलईडी पॅनल बदलावे लागते, ते ओळखा.
- आंघोळी उरकल्यावर तासभर थांबा आणि एक्झॉस्ट फॅन चालवून वाफ बाहेर घालवा.
- दिव्याचा खालून एक फोटो काढा. रिंग कशी बसली होती ते नंतर आठवत नाही.
- घर भाड्याचे असेल तर फिटिंग बदलण्याआधी मालकांना कळवा.

२. वीज बंद करताना

- मेन बंद करण्याआधी टेस्टर चालू प्लगमध्ये लावा. तिथे तो पेटला तरच पुढे त्याच्यावर विश्वास ठेवा.
- बोर्डावरचे बटण बंद करा, मग मेन बॉक्समधली त्या लाइनची एमसीबी खाली पाडा.
- कोणती एमसीबी कुठल्या खोलीची हे लिहिलेले नसेल तर सरळ मेन स्विच बंद करा.
- इन्व्हर्टरही बंद करा. मेन पडताच तो दिव्यांच्या लाइनला वीज देऊ लागतो.
- सोसायटीच्या जनरेटरची लाइन घरात आली असेल तर तीही बंद करा.
- एमसीबीवर चिकटपट्टी लावून ‘काम चालू आहे, हात लावू नये’ असे ठळक लिहा.
- घरातल्या प्रत्येकाला सांगा. गिझर लावायला निघालेला माणूसच एमसीबी वर करतो.
- दिव्याजवळ पोहोचल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरींवर टेस्टर लावा.
- दिवा नुकताच लागलेला असेल तर १५ ते २० मिनिटे थांबा; हॅलोजन बल्ब चटका देतो.

३. शिडीवर चढताना

- फरशी कोरड्या फडक्याने पुसा. साबणाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, पायाला कळतो.
- रबरी बुटांची घडीची शिडी घ्या; लाकडी किंवा फायबरची असेल तर उत्तम.
- शिडी पूर्ण उघडा, मधली पट्टी अडकवा आणि चढण्याआधी एकदा हलवून बघा.
- शिडी दिव्याच्या बरोबर खाली लावा. हात सरळ वर गेला पाहिजे, तिरका नव्हे.
- दार सताड उघडून अडकवून ठेवा. आत उघडणारे दार शिडीला धडकते.
- शिडी धरायला आणि वस्तू हातात द्यायला एक मोठा माणूस सोबत ठेवा.
- कोरड्या, रबरी तळाच्या चपला किंवा बूट घाला.
- डोळ्यांवर गॉगल लावा. भोकातून पीओपीचा भुगा सरळ डोळ्यांत पडतो.
- डोक्याला बांधायची बॅटरी वापरा. दोन्ही हात मोकळे राहतात.
- बादल्या, टब, मग बाहेर काढा आणि खाली जुनी चादर अंथरा.
- कमोडचे झाकण लावा आणि फरशीची जाळी झाका; सुटलेला स्क्रू नेमका तिथेच जातो.

४. जुना दिवा उतरवताना

- काचेची रिंग डावीकडे फिरवून सोडवा. एक हात सतत काचेखाली ठेवा.
- बल्ब वाकवलेल्या तारेच्या रिंगने अडकवला असेल तर तारेची दोन टोके चिमटीत दाबून रिंग काढा.
- पिनचा बल्ब, म्हणजे बी२२, वर दाबून डावीकडे वळवा आणि खाली घ्या.
- आट्यांचा बल्ब, म्हणजे ई२७, डावीकडे फिरवत सावकाश सोडवा.
- दोन जाड पायांचा जीयू१० किंचित वर दाबून डावीकडे वळवा.
- दोन बारीक पिनांचा एमआर१६ न फिरवता सरळ खाली ओढा.
- सपाट काचेचा बल्ब बोटांत येत नसेल तर जाड चिकटपट्टीची मूठ करून काचेवर चिकटवा आणि ती धरून फिरवा.
- पॅनल असेल तर कडेखाली प्लास्टिकचे जुने कार्ड सरकवून सगळीकडून थोडे थोडे खाली घ्या.
- पॅनलच्या स्प्रिंगा बोटांनी धरूनच बाहेर काढा. भोकातून सुटताच त्या उंदराच्या सापळ्यासारख्या खटकन आपटतात.
- बल्ब फुटून बूड आतच राहिले असेल तर जाड हातमोजे घालून नोकदार पकडीने धातूचा भाग धरा.
- वायरचे टोक चिकटपट्टीने सीलिंगला लावून ठेवा. एकदा आत निसटले की शोधायला भोक मोठे करावे लागते.

५. नवा दिवा विकत घेताना

- जुना बल्ब, किंवा ड्रायव्हरसकट (पॅनलला वीज पुरवणाऱ्या डबीसकट) जुने पॅनल, दुकानात घेऊन जा.
- सीलिंगमधल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा; पॅनल त्या मापावर बसते.
- भोकात पट्टी उभी धरून वर किती जागा मोकळी आहे तेही मोजा.
- फिटिंगवर छापलेली कमाल वॅटची मर्यादा पाळा.
- आयपी४४ किंवा त्याहून वरचे फिटिंग मागा. शॉवरच्या थेट वर आयपी६५ घ्या.
- काच बंद असलेल्या फिटिंगसाठी ‘बंद फिटिंगला चालेल’ असे खोक्यावर लिहिलेला एलईडी घ्या. कोंडलेली उष्णता त्याचे आयुष्य खाते.
- वॅटबरोबर ल्युमेनचा आकडा वाचा. साधारण ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचे काम करतो.
- आरशासमोर दाढी करायला ४००० केल्विनचा उजेड घ्या. रात्री डोळ्यांना त्रास नको असेल तर २७०० ते ३००० चा.
- खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक बघा.
- फक्त ड्रायव्हर गेला असेल तर तेवढाच घ्या. त्यावरचे मिलिअॅम्पिअर आणि व्होल्ट जुन्याशी जुळवा.
- १२ व्होल्टच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर किमान किती भार लागतो ते वाचा. भार कमी पडला की एलईडी लुकलुकतो.
- दुकानातच बल्ब लावून बघा, बिल घ्या आणि त्यावर वॉरंटीची तारीख लिहून घ्या.

६. वायर जोडताना

- तांब्याचे टोक हिरवट किंवा काळे पडले असेल तर तेवढे कापून चकचकीत तार उघडी करा.
- कनेक्टरमध्ये मावेल तेवढीच तार सोला; बाहेर उघडे तांबे दिसता कामा नये.
- स्क्रूचा कनेक्टर वापरा आणि आवळल्यावर प्रत्येक वायर एकदा ओढून बघा.
- फेज ‘एल’ला आणि न्यूट्रल ‘एन’ला जोडा.
- फिटिंग धातूचे असेल तर हिरवी अर्थची वायर जोडाच.
- होल्डरमधली पट्टी काळवंडलेली किंवा सैल असेल तर होल्डर बदला. नवा बल्बही तिथे टिकणार नाही.
- ड्रायव्हर कोरड्या जागी, पाण्याच्या पाइपपासून दूर ठेवा.

७. नवा दिवा बसवताना

- हात कोरडे करा आणि हॅलोजन बल्ब स्वच्छ फडक्यात धरा. बोटांचे तेल तापून काचेवर डाग पडतात.
- काच साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा.
- रबरी रिंग खोबणीत सगळीकडून नीट बसवा. चिरली असेल तर नवी घाला.
- पॅनल आणि ड्रायव्हर आधी एकमेकांना जोडा, वीज त्यानंतर द्या.
- दोन्ही स्प्रिंगा उभ्या धरून एकाच वेळी भोकात घाला, मग पॅनल अलगद वर सरकवा.
- कड सीलिंगला सपाट टेकली का ते बोट फिरवून बघा. फट राहिली तर वाफ तिथूनच आत जाते.

८. वीज पुन्हा सुरू करताना

- आधी खाली उतरा, शिडी बाहेर काढा, हत्यारे मोजा. मगच मेन बॉक्सकडे जा.
- मेन, एमसीबी, इन्व्हर्टर आणि शेवटी बोर्डावरचे बटण, या क्रमाने सुरू करा.
- आरसीसीबीचे, म्हणजे वीजगळती होताच पडणाऱ्या स्विचचे, ‘टी’ बटण दाबून बघा. तो लगेच पडला पाहिजे, मग पुन्हा वर करा.
- दिवा दहा मिनिटे लावून खाली उभे राहा. जळका वास, गुणगुण किंवा लुकलुक असेल तर बंद करा.
- पहिल्या गरम पाण्याच्या आंघोळीनंतर काचेच्या आत वाफ साचली का ते बघा.
- बसवल्याची तारीख पॅनलच्या खोक्यावर लिहून बिलासोबत ठेवा.

९. जुना दिवा टाकताना

- जुना सीएफएल अखंड ठेवून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. त्यात पारा असतो.
- एलईडी आणि ड्रायव्हरही ई-कचऱ्यातच द्या.
- फुटलेली साधी काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहा. तो कचरा कुणीतरी हातांनी वेचतो.
- सीएफएल फुटला तर खिडकी उघडा, सगळ्यांना दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवा, मग तुकडे पुठ्ठ्याने गोळा करा.
- उरलेली पूड ओल्या कागदाने टिपून तुकड्यांसकट बंद बरणीत ठेवा.

१०. थांबायचे केव्हा

- वायर ठिसूळ झाली असेल, आवरण गळत असेल किंवा भोकात जळकट काळे दिसले तर परवानाधारक वायरमनला बोलावा.
- महिन्या-दोन महिन्यांत बल्ब वारंवार जात असेल तर बल्ब नव्हे, लाइन तपासून घ्या.
- बटण बंद असूनही दिवा मंद चमकत असेल तर बटण न्यूट्रलवर बसवलेले नाही ना, ते वायरमनकडून बघून घ्या.
- कुणाला शॉक लागला तर आधी मेन बंद करा, मग १०८ ला फोन करा.
- मेन हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्या माणसाला वायरपासून दूर करा.

काय टाळावे

१. शिडी आणण्याआधी

- पाणी टपकणाऱ्या दिव्याखाली उभे राहू नका. एमसीबी पाडा आणि बाहेर या.
- वरच्या मजल्यावरची गळती चालू असताना नवा दिवा लावू नका. आठवडाभरात तोही जाईल.
- ‘बल्बच गेला असेल’ असे गृहीत धरून खरेदीला जाऊ नका. निम्म्या वेळा ड्रायव्हर किंवा होल्डर निघतो, असे समजून चाला.
- पाहुणे येण्याच्या वेळेवर हे काम काढू नका. घाईत टेस्टर लावायचा राहतो.
- खूप दमलेले असताना, चक्कर येत असताना किंवा मद्य घेतल्यावर शिडी चढू नका.

२. वीज बंद करताना

- नुसत्या बटणावर विसंबू नका. ते चुकून न्यूट्रलवर जोडलेले असेल तर होल्डरमध्ये फेज जिवंतच राहते.
- ‘लाइट गेलीच आहे’ म्हणून कामाला लागू नका. ती सांगून येत नाही.
- दिवा लागत नाही म्हणजे वीज नाही, असा अर्थ काढू नका.
- इन्व्हर्टरचा आवाज येत नाही म्हणून तो बंद आहे असे समजू नका.
- आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी धरले तर तो पडेलच असे नाही.
- ओल्या हाताने टेस्टर धरू नका आणि चिरलेल्या दांड्याचा टेस्टर वापरू नका.
- मेन बॉक्सजवळ लहान मुलाला राखणीला बसवू नका.

३. शिडीवर चढताना

- कमोडच्या झाकणावर, बेसिनच्या कडेवर किंवा उलट्या बादलीवर उभे राहू नका.
- प्लास्टिकच्या स्टुलावर चढू नका. टाइल्सवर त्याचे पाय फाकतात.
- स्टुलावर स्टूल किंवा स्टुलाखाली पाट ठेवून उंची वाढवू नका.
- शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहू नका. धरायला काही उरत नाही.
- अनवाणी चढू नका.
- तोल सावरायला शॉवरचा पाइप, नळ किंवा गिझर धरू नका. एक तर ते निखळतात, नाही तर अर्थचा रस्ता होतात.
- ओढणी, पदर, सैल बाह्या किंवा मनगटातले धातूचे कडे तसेच ठेवून काम करू नका.
- मोबाइल दातांत धरून उजेड पाडू नका.

४. जुना दिवा उतरवताना

- अडकलेला बल्ब जोर लावून पिरगाळू नका. काच हातात आणि बूड होल्डरमध्ये राहते.
- पॅनल स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. पीओपीचा टवका उडतो आणि रंगकाम वाढते.
- पॅनल वायरवर लोंबकळत सोडू नका.
- वायर धरून ड्रायव्हर ओढू नका. आतला जोड तिथेच तुटतो.
- भोकात नजर न टाकता हात घालू नका. आत खिळे, तारा, झुरळे आणि कधी पालही असते.
- फुटलेले बूड काढायला बटाटा खुपसण्याचा जुना उपाय करू नका. त्याचे पाणी होल्डरमध्ये उतरते.

५. नवा दिवा विकत घेताना

- मोबाइलमधला फोटो दाखवून अंदाजाने पॅनल घेऊ नका. सारख्या वॅटच्या पॅनलचीही मापे वेगळी असतात.
- जास्त उजेडासाठी मर्यादेपेक्षा मोठ्या वॅटचा बल्ब घेऊ नका, होल्डर वितळतो.
- हॉलमधला उघडा पॅनल लाइट बाथरूममध्ये लावू नका. वाफ त्याच्या आत जाते.
- १२ व्होल्टचा एमआर१६ बल्ब थेट २३० व्होल्टवर लावू नका.
- ‘सगळ्या पॅनलला चालतो’ असे सांगून दिलेला ड्रायव्हर आकडे न वाचता घेऊ नका.
- एकाच बाथरूममध्ये एक दिवा ६५०० केल्विनचा आणि दुसरा ३००० चा ठेवू नका. आरशात चेहरा अर्धा निळा, अर्धा पिवळा दिसतो.
- बिल आणि मानकाचे चिन्ह नसलेला माल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

६. वायर जोडताना

- वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. आधीच्या माणसाने हाताला येईल ती वायर वापरलेली असू शकते.
- नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. दमट हवेत टेपचा गोंद सुटतो.
- वायरिंगचा टेप नाही म्हणून औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी लावू नका.
- अर्थची वायर ‘जास्तीची आहे’ म्हणून कापू नका.
- वायर आखूड पडली तर ताणून जोडू नका. जोड सैल होऊन तापतो.
- ड्रायव्हर फॉल्स सीलिंगमध्ये थर्माकोलला किंवा कापडाला टेकवून ठेवू नका.

७. नवा दिवा बसवताना

- वीज चालू ठेवून पॅनलची पिन ड्रायव्हरमध्ये घालू नका. त्या क्षणीच एलईडी जाऊ शकतो.
- बल्ब बसल्यावर ‘आणखी थोडा’ म्हणून आवळू नका.
- भोक लहान पडले तर स्प्रिंगा कापू नका. पॅनल एके दिवशी डोक्यावर येते.
- भोक मोठे पडले तर कडेला कागद कोंबू नका. पीओपीने भोक बरोबर करून घ्या किंवा योग्य मापाचे पॅनल आणा.
- ‘नंतर लावू’ म्हणून काच किंवा रबरी रिंग बाजूला ठेवू नका.
- काच ओली असताना लावू नका. अडकलेले पाणी होल्डरवरच ठिबकते.

८. वीज पुन्हा सुरू करताना

- स्वतः शिडीवर असताना दुसऱ्याला ‘लाव रे’ असे ओरडून सांगू नका.
- एमसीबी पडली तर ती पुन्हा पुन्हा वर करू नका; ती काहीतरी सांगते आहे.
- पडणारी एमसीबी काढून मोठ्या अॅम्पिअरची लावू नका. मग वायर जळेल, एमसीबी पडणार नाही.
- लागलेल्या दिव्याची काच सरळ करायला लगेच हात वर नेऊ नका.
- दिवा साफ करायला त्यावर शॉवर किंवा पाण्याची पिचकारी मारू नका.

९. जुना दिवा टाकताना

- सीएफएल ओल्या किंवा सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.
- फुटलेल्या सीएफएलवर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर चालवू नका. पारा खोलीभर पसरतो.
- काचेचे तुकडे कमोडमध्ये किंवा जाळीत ढकलू नका.
- गेलेला ड्रायव्हर ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून चांगल्या सामानात ठेवू नका. पुढच्या वेळी तोच हाताला येतो.

१०. थांबायचे केव्हा

- शॉक लागलेल्या माणसाला उघड्या हाताने ओढू नका.
- ‘थोडासा झटका बसला’ हे हसण्यावारी नेऊ नका. छातीत धडधड किंवा हाताला बधिरता असेल तर डॉक्टरांकडे जा.
- सीलिंग कापावे लागणार असेल तर स्वतः करवत लावू नका. वरून कुठली लाइन गेली आहे ते खालून दिसत नाही.
- वायरमन आला म्हणून मेन बंद करायचे सोडू नका. त्याचाही हात आपल्यासारखाच आहे.
- वायरमनला यायला उद्या होणार असेल तर आज पुन्हा शिडी लावू नका. बादलीशेजारी बॅटरी ठेवून एक आंघोळ होते.